नव्या ताऱ्याची वर्दी

प्रश्न : छायाचित्रात नकाशात नसलेला ठिपका आढळला, तर कोठे कळवावे?

उत्तर : तो ठिपका भिंगातील परावर्तन, वाटसरू लघुग्रह अथवा एखादा परिचित रूपविकारी तारा तर नव्हे, याची शहानिशा प्रथम आपणच करावी, कारण निराधार वर्दीपायी इतर निरीक्षकांच्या रात्री नाहक खर्ची पडतात. १९८७ च्या फेब्रुवारीत चिलीतील लास कँपानास वेधशाळेत इयन शेल्टन यांना मोठ्या मॅजेलॅनी मेघाच्या काचपट्टीवर अनोळखी तेजोबिंदू दिसला, तेव्हा पट्टीच सदोष असावी अशा शंकेने त्यांनी बाहेर येऊन नुसत्या डोळ्यांनी आकाश न्याहाळले, आणि तारा तेथे होता! एवढे भाग्य क्वचितच. म्हणून दुर्बीण किंचित सरकवून काही वेळाने दुसरे छायाचित्र घ्यावे. परावर्तन असल्यास ते ताऱ्यांच्या संदर्भात जागा बदलते, लघुग्रहही सहसा पुढे सरकलेला आढळतो.

खात्री पटल्यावर आकाशगंगेतील नवतारा अमेरिकेतील केंब्रिजच्या 'सेंट्रल ब्यूरो फॉर ॲस्ट्रॉनॉमिकल टेलिग्राम्स' या दप्तरी, लघुग्रह 'मायनर प्लॅनेट सेंटर'कडे, तर दूरच्या दीर्घिकेतील अतिनवतारा 'ट्रान्झिअंट नेम सर्व्हर'वर नोंदवावा. विषुवांश, क्रांती, प्रत व उपकरण यांचा तपशील बिनचूक द्यावा; वेळ जागतिक लागते, तेव्हा आपल्या घड्याळातून साडेपाच तास वजा करण्यास विसरू नये.