मोकळी सोंगटी

महाराष्ट्रात सारस पक्षी आता फार थोडे उरले आहेत. जे आहेत ते मुख्यतः गोंदिया जिल्ह्यातील तलावांच्या काठी आणि धानाच्या बांध्यांत आढळतात. उडणाऱ्या पक्ष्यांमध्ये सारस सर्वांत उंच. तो जोडीने राहतो. म्हणून एक दृष्टीस पडला की दुसराही जवळपास सापडतो. परंतु जोडी डोळ्यांसमोर असूनही ती हाती लागू नये, अशी योजना ज्यात मुद्दाम केलेली आहे, असा एक खेळ आहे. तो संगणकावर आणि एकट्यानेच खेळावयाचा असतो.

या खेळातील सोंगट्या मूळच्या चीन देशातील. तेथे चौघांनी मिळून खेळावयाचा 'माहजाँग' नावाचा खेळ आहे. हाड व बांबू यांपासून बनविलेल्या त्याच्या सोंगट्यांवर वर्तुळे, बांबूच्या कांड्या, अक्षरे, फुले अशी चित्रे कोरलेली असत. संगणकाच्या खेळाने सोंगट्या तेवढ्या घेतल्या. नियम मात्र अगदी निराळे केले.

एकंदर १४४ सोंगट्या एकावर एक अशा पाच थरांत मांडलेल्या असतात. तळाशी ८७, त्यावर ३६, मग १६, मग ४ आणि शिखरावर एकच. वरून पाहिले तर ही रचना कासवासारखी दिसते. सारख्या चित्रांच्या दोन सोंगट्या शोधून उचलावयाच्या आणि अशा ७२ जोड्या काढून पट रिकामा करावयाचा, एवढेच खेळणाऱ्याचे काम. मात्र सोंगटी मोकळी असली पाहिजे. तिच्यावर दुसरी सोंगटी नसावी आणि डावी किंवा उजवी यांपैकी एक बाजू तरी उघडी असावी. एरवी ती दिसत असूनही उचलता येत नाही.

वाचताना हे सोपे वाटते, नाही का? पण खरी मौज पुढेच आहे. बहुतेक चित्रांच्या सोंगट्या चार चार असतात. समजा, एका चित्राच्या तीन सोंगट्या मोकळ्या आहेत. उतावळा खेळाडू त्यांतील कोणत्याही दोन उचलतो व पुढे जातो. आता तिसरीला जोड हवी ती चौथीची. ती चौथी जर नेमक्या तिसरीच्याच खाली दडलेली असेल तर? वरची निघाल्याशिवाय खालची मोकळी होत नाही आणि खालची मिळाल्याशिवाय वरची निघत नाही. डाव तेथेच अडतो! विचारी खेळाडू आधी पाहतो की, कोणत्या सोंगटीखाली अधिक थर आहेत. तिला तो प्रथम उचलतो. चारही सोंगट्या मोकळ्या असतील, तर दोन्ही जोड्या निर्धास्तपणे उचलतो. म्हणजे 'जोडी कोठे आहे?' एवढेच विचारून भागत नाही. 'ही उचलल्याने काय मोकळे होईल?' हेही विचारावे लागते.

हा खेळ रचणाऱ्या माणसाला हाच प्रश्न स्वतःच्या आयुष्यातही पडला असला पाहिजे. त्यांचे नाव ब्रोडी लॉकार्ड. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठातील ते एक निष्णात कसरतपटू होते. धावणे, उसळणे, हवेत कोलांट्या घेणे यांत त्यांचे दिवस जात. १९७९ साली उसळत्या जाळीवर कसरत करीत असताना त्यांना अपघात झाला. मान मोडली आणि मानेखालचे शरीर लुळे पडले. ज्या हातापायांच्या बळावर त्यांनी नाव मिळविले, ते हातपाय निकामी झाले.

सर्व वाटा बंद झाल्या, असे कोणीही म्हटले असते. पण लॉकार्ड यांची बुद्धी शाबूत होती आणि मान थोडी हलत होती. तेवढी एक बाजू त्यांना मोकळी होती! ते तोंडात काठी धरून तिच्या टोकाने संगणकाची एकेक कळ दाबू लागले. संगणकाला काम सांगावयाचे म्हणजे शेकडो ओळी अचूक लिहाव्या लागतात. एक चिन्ह चुकले तरी सारे अडते. असे अक्षरामागून अक्षर लिहून त्यांनी १९८१ साली 'प्लेटो' नावाच्या संगणकव्यवस्थेवर हा खेळ सिद्ध केला. इलिनॉय विद्यापीठात १९६० साली सुरू झालेली ही व्यवस्था मुळात शिक्षणासाठी होती. पुढे १९८६ साली हाच खेळ 'शांघाय' या नावाने बाजारात आला आणि देशोदेशी पसरला. आज तो भ्रमणध्वनीवरही खेळता येतो.

संगणक नसला तरी हा खेळ घरी करता येईल. जुन्या वह्यांच्या पुठ्ठ्याचे २४ सारखे चौकोन कापा. धानाची लोंबी, सारस, मोहाचे फूल, तेंदूचे पान, बांबू आणि मासा ही सहा चित्रे प्रत्येकी चार चौकोनांवर काढा. चौकोन पालथे घालून मिसळा. मग चित्रे वर करून चार ओळींत चार चार असे १६ मांडा. मधल्या चारांवर चार आणि त्यांवर पुन्हा चार ठेवा. आता नियम पाळून १२ जोड्या काढावयाच्या.

एखादे वेळी डाव सुटणार नाही. काही मांडण्या अशा पडतात की, कितीही विचार केला तरी त्या सुटत नाहीत. तेव्हा सोंगट्या मिसळाव्या व पुन्हा मांडाव्या. पण डाव अडला असे म्हणण्यापूर्वी चारही बाजूंनी एकवार नीट पाहावे. एखादी सोंगटी मोकळी असतेच, आणि घाईत आपलेच तिच्याकडे लक्ष गेलेले नसते.

स्वाध्याय
१. सोंगटी मोकळी आहे असे केव्हा म्हणतात?
२. तीन सारख्या सोंगट्या मोकळ्या असताना विचारी खेळाडू काय करतो? का?
३. 'तेवढी एक बाजू त्यांना मोकळी होती,' असे लेखक का म्हणतो?