बाय, आधी हात मागे बांध

बाय, परवा तू म्हणालीस, "आजोबा, बीएस्सी झाली, आता मला गुन्ह्याच्या जागेवर जाऊन तपास करायचाय." मी मुद्देमाल कारकून होतो. लाखेनं सील केलेली पुडकी मांडीवर घेऊन पालघरहून विरार, विरारहून सांताक्रूझ, तिथून कलिन्याची न्यायसहायक प्रयोगशाळा, ही वाट मी वर्षानुवर्षं तुडवली. तिच्यावर जे शिकलो ते सांगतो.

टीव्हीवर एकच माणूस ठसे उचलतो, रक्त तपासतो आणि बेड्याही घालतो. आपल्याकडे ही कामं वाटलेली आहेत. तपास अधिकारी व्हायचं तर एमपीएससीतून फौजदार हो. अंगुलिमुद्रा केंद्र पुण्याला, सीआयडीच्या हाताखाली. शवविच्छेदन डॉक्टरांचं. रक्त, विष, डीएनए, मोबाइल हे सगळं कलिन्याच्या संचालनालयाकडे जातं. तुझा विषय केमिस्ट्री, म्हणजे तुझी वाट हीच. मुंबईत फोर्टला शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्था 2009 पासून आहे. चर्चगेटला उतरून चालत जाता येतं, घर सोडावं लागणार नाही. गांधीनगरच्या राष्ट्रीय न्यायसहायक विज्ञान विद्यापीठाचाही अर्ज भर. मात्र सहा महिन्यांत तपासनीस बनवून देतो म्हणणाऱ्या क्लासला पैसे देण्याआधी सरकारी भरतीची जुनी जाहिरात काढ आणि तिच्यात कुठली पदवी मागितली आहे ते वाच.

आणि वेळ चांगली आहे. 1 जुलै 2024 पासून नवी नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात तज्ज्ञानं जागेवर जायचं, पुरावे गोळा करायचे आणि त्याचं चित्रण करायचं, असं कलम 176 सांगतं. राज्यांना तयारीला पाच वर्षांची मुदत आहे. एवढी माणसं लागणार कुठून? तुमच्यातूनच.

आता जागेवरचं. आत पाऊल टाकण्याआधी दारातच हात मागे बांधून उभी राहा. नुसतं बघ. पंखा चालू आहे का, दिवा कुठला लागलाय, दाराची कडी आतून की बाहेरून, चपला किती जोड. मग फोटो: आधी लांबून, मग मधून, मग पट्टी शेजारी ठेवून अगदी जवळून. वस्तू उचलली की तिची जागा कायमची गेली, म्हणून कच्चा नकाशा आधी. मापं हलणार नाहीत अशा दोन खुणांपासून घे, भिंतीचा कोपरा आणि दाराची चौकट. खाटेपासून घेऊ नको, खाट उद्या कुणीतरी सरकवेल. प्रत्येक नमुन्याला हातमोजे नवे.

पॅकिंगचं मी जरा जास्त बोलणार. एका आषाढात रक्तानं भिजलेला सदरा प्लास्टिकच्या पिशवीत भरून सील झाला. मीच तो घेऊन गेलो. आपल्याकडची दमट हवा तुला माहीत आहे. पिशवी उघडली तेव्हा सदऱ्यावर बुरशी धरली होती, आणि रासायनिक विश्लेषकाच्या (सीए) रिपोर्टमध्ये रक्ताचा गट काही निघाला नाही. मेलेल्या मुलाची आई त्या रिपोर्टसाठी ठाण्यात खेपा घालत होती. तिला काय सांगायचं होतं आम्ही? म्हणून ओलं कापड सावलीत वाळव आणि कागदातच बांध. उन्हात नको, प्लास्टिकमध्ये तर नकोच. जळिताच्या राखेचं मात्र बरोबर उलटं. रॉकेल-पेट्रोल असेल तर कागदातून त्याची वाफ निघून जाते, म्हणून राखेला हवाबंद डबा हवा.

बोईसर-तारापूरला हे रोज लागेल. 11 जानेवारी 2020 ला कोलवड्याच्या कारखान्यात स्फोट झाला, आठ जण गेले. अशा जागी पहिलं काम जीव वाचवण्याचं, ते अग्निशमन दलाचं. त्यांनी हो म्हटल्याशिवाय आत जायचं नाही, मग साहेब कितीही घाई करोत. टाकीपाशी सडक्या अंड्याचा वास आला आणि मग अचानक यायचा थांबला, तर वायू गेला असं समजू नको. हायड्रोजन सल्फाइड वाढला की नाकच बधिर होतं. तशीच मागे फीर. औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाचे अधिकारीही तिथे येतात. कुठल्या भांड्यात काय शिजत होतं ते त्यांच्याकडून समजून घे.

सातपाटी-दांडीच्या किनाऱ्याला प्रेत लागलं, तर माणूस पाण्यात बुडाला की मेल्यावर टाकला, हा प्रश्न येतोच. हाडाच्या मगजात डायटम नावाचं सूक्ष्म शेवाळ सापडतं का ते बघतात. ताडून बघायला त्याच जागेचं पाणी लागतं, म्हणून बाटलीभर पाणी घ्यायला विसरू नको.

कोर्टात उलटतपासणीला वकील रक्ताबद्दल कमी आणि कागदाबद्दल जास्त विचारतो. पुडकं किती वाजता बांधलं, रात्री कुणाच्या ताब्यात होतं, सील शाबूत होतं का. पंचांच्या सह्या लेबलवर हव्यात आणि सीलचा नमुना सोबतच्या पत्रावर. खाडाखोड झाली तर एक रेघ मारून शेजारी सही कर, व्हाइटनर लावू नको. लिहिताना "खून झाला" लिहू नको, "तांबूस डाग, लांबी इतकी" एवढंच लिही.

रविवारी केळव्याला ये. ओल्या वाळूत माझ्या चपलेचा ठसा आहे असं धरू, आणि प्लास्टर कालवून साचा कसा उचलायचा ते तुझ्या हातानं करून बघ. पट्टी आणि वही तू आण.