वाणीचे तारतम्य : प्रश्नपरीक्षेचे एक दुर्लक्षित अंग

दर्शन, स्पर्शन व प्रश्न अशी त्रिविध रुग्णपरीक्षा वाग्भटाचार्यांनी सांगितली आहे. यांपैकी दर्शन व स्पर्शन या बव्हंशी वैद्याच्या स्वाधीन असलेल्या गोष्टी होत. प्रश्नपरीक्षेचे तसे नाही. प्रश्न आपला असतो. उत्तर मात्र रुग्णाच्या मुखी असते आणि ते द्यावयाचे की गिळावयाचे, हे तोच ठरवितो. म्हणूनच समोरच्याचे मन जाणून बोलणे, ज्यास आपण व्यवहारात तारतम्य म्हणतो, तो केवळ शिष्टाचाराचा भाग नसून निदानाचा भाग आहे, असे आमचे मत झाले आहे. हे मत ग्रंथ वाचून झाले नाही; ते एका चुकीतून झाले.

एक अनुभव

काही वर्षांपूर्वी साठीच्या घरातील एक मधुमेही गृहस्थ मुलगा व सुनेसह आमच्या चिकित्सालयात आले. आधीच्या डॉक्टरांच्या गोळ्या त्यांनी परस्पर बंद केल्या होत्या व कोणीतरी दिलेले चूर्ण ते घेत होते. रक्तशर्करा बरीच वाढलेली होती. आम्ही सर्वांदेखत त्यांना फैलावर घेतले. "शिकलेसवरलेले असून असल्या चूर्णावर विश्वास कसा ठेवता?" असे विचारले. त्यांनी मान खाली घातली व "चुकलं" एवढेच म्हटले. आम्ही चिकित्सापत्र लिहून दिले व आपले कर्तव्य चोख बजावल्याच्या समाधानात राहिलो.

ते पुन्हा आले ते चार महिन्यांनी, पायाच्या अंगठ्यास चिघळलेली जखम घेऊन. त्यांना तातडीने शल्यचिकित्सकाकडे पाठवावे लागले. अंगठा वाचला नाही. पुढे एकदा एकटेच आले असता ते म्हणाले, "वैद्यराज, माझा कसल्याही चूर्णावर विश्वास नव्हता. गोळ्यांना पैसे पुरत नव्हते. मुलाचं काम सुटलेलं, त्याच्यासमोर कसं सांगणार?"

आम्ही जे बोललो होतो त्यात असत्य काहीच नव्हते. परंतु स्थळ चुकले, वेळ चुकली आणि जो खरा हेतू होता तो आमच्या शब्दांनीच झाकला गेला. अंधश्रद्धा हे आमचे निदान होते. दारिद्र्य व संकोच हा मूळ हेतू होता.

शास्त्राधार

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील आठव्या अध्यायात सद्वृत्ताचे विवेचन आहे. तेथे बोलण्याविषयी जी अपेक्षा व्यक्त झाली आहे, तीत केवळ गोडवा नाही. योग्य काळ, हित, मोजकेपणा, माधुर्य व अर्थपूर्णता यांची एकत्र सांगड तेथे घातलेली आहे. अष्टांगहृदयाच्या दिनचर्याध्यायात त्याज्य मानलेल्या दहा पापकर्मांपैकी चार वाणीची आहेत : चहाडी, कठोर भाषण, असत्य व असंबद्ध बडबड. कठोर भाषण व असत्य ही दोन्ही एकाच यादीत आहेत, हे लक्षणीय आहे. याचा अर्थ, कठोरता टाळण्यासाठी असत्याचा आश्रय घेण्यास शास्त्राची संमती नाही आणि सत्याच्या नावाखाली कठोर होण्यासही नाही.

विमानस्थानाच्या आठव्या अध्यायात शिष्यास उपदेश करताना, रुग्णाच्या घरातील गोष्टी बाहेर न सांगण्याविषयी बजावले आहे. तसेच आयुष्य क्षीण झाल्याचे जाणूनही, जेथे ते सांगितल्याने रुग्णास वा इतरांस आघात होईल तेथे ते बोलू नये, असे म्हटले आहे. आजच्या काळात रुग्णास आपल्या व्याधीविषयी जाणून घेण्याचा अधिकार आहे, हे मान्य करूनच या उपदेशाचा अर्थ लावावयास हवा. रुग्णास किती जाणून घ्यावयाचे आहे, कोणासमक्ष घ्यावयाचे आहे, हे प्रथम त्यालाच विचारावे व मग बोलावे.

वाणीची मात्रा, काल व अनुपान

औषध उत्तम असूनही मात्रा, काल वा अनुपान चुकले तर ते अपाय करते, हे आपण जाणतो. औषधसेवनाचे दहा काल वाग्भटांनी सांगितले, शार्ङ्गधरांनी पाच. सत्य हेही औषधच होय. ते बदलावयाचे नाही. परंतु एकांतात द्यावयाचे की कुटुंबीयांसमक्ष, आज सर्व की आज थोडे, प्रश्नाच्या रूपाने की आज्ञेच्या, याचा विचार करावयाचा. "औषध का बंद केलेत?" याऐवजी "औषध घेताना काही अडचण येते का?" असे विचारावे. पहिल्या प्रश्नास रुग्ण बचाव देतो, दुसऱ्यास कारण सांगतो. अपत्यहीनतेसाठी आलेल्या सुनेच्या वतीने सासूबाईच बोलू लागल्या, तर त्यांचे ऐकून घ्यावे आणि "आता परीक्षण करावयाचे आहे" असे सांगून त्यांना आदराने बाहेर बसवावे. दोघींचाही मान राहतो.

मात्र तारतम्य म्हणजे विलंब नव्हे. छातीत कळ येऊन घाम फुटलेल्या रुग्णास "ताबडतोब रुग्णालयात जा" हेच वाक्य हवे. तेथे मोजकेपणा हेच तारतम्य.

औषधी दुकानदारांसाठी

हा विषय केवळ वैद्यांचा नाही. अर्श वा श्वेतप्रदरावरील औषध मागणाऱ्याची चिठ्ठी मोठ्याने वाचून नोकरास हाक मारली, तर तो ग्राहक पुन्हा चिठ्ठी घेऊन येत नाही. जाहिरातीतील औषध मागवितो. चिठ्ठी मुकाट्याने घ्यावी, सेवनविधी हळू आवाजात सांगावा. रसौषधीच्या मात्रेविषयी शंका आली तर रुग्णादेखत "हे काय लिहिलंय!" असे उद्गार काढू नयेत, वैद्यास दूरध्वनी करावा आणि खात्री होईपर्यंत औषध देऊ नये. हेच पथ्य वैद्यांनीही दुसऱ्या वैद्याचे चिकित्सापत्र हाती येताच पाळावे. मतभेद असल्यास तो त्या वैद्याशी बोलावा. रुग्णासमोर केलेली निंदा ही चहाडीच होय आणि तिने रुग्णाचा एका वैद्यावरील नव्हे, समग्र शास्त्रावरील विश्वास ढळतो.

त्या प्रसंगानंतर आम्ही आमच्या चिकित्सालयात एक प्रघात ठेवला आहे. सोबत कोणीही असो, प्रत्येक रुग्णाशी दोन-चार मिनिटे तरी एकांतात बोलावयाचे आणि त्या वेळी प्रथम ऐकावयाचे. ज्यांना शक्य असेल त्यांनी हा प्रघात एक महिना पाळून पाहावा व आपले अनुभव अवश्य कळवावेत. इत्यलम्।