कळ आणि अक्षर

मांडीवर ठेवून वापरता येणारा संगणक, म्हणजे लॅपटॉप, उघडला की कळांच्या ओळी दिसतात. इंग्रजी वर्णमाला मुखोद्गत असणाराही तेथे गोंधळतो. कारण अक्षरांच्या पहिल्या ओळीचा आरंभ ‘क्यू’ने होतो! ही मांडणी टंकलेखन यंत्राकडून आलेली आहे. अमेरिकेतील क्रिस्टोफर शोल्स व त्यांचे सहकारी यांचे यंत्र रेमिंग्टन कारखान्याने १८७४ मध्ये विक्रीस आणले. त्यावर केवळ मोठी इंग्रजी अक्षरे उमटत. १८७८ च्या यंत्रात ‘शिफ्ट’ ही कळ आली. ती दाबताच कागदाचा रूळ खरोखरच सरके आणि त्याच दांडीवरचे दुसरे अक्षर उमटे. आज काहीच सरकत नाही. नाव मात्र टिकून आहे.

टंकलेखन यंत्राची कळ एका ठरावीक खिळ्याशी बांधलेली असे. संगणकाच्या कळेला मात्र कोणतेच अक्षर ठाऊक नसते. अमुक जागेवरची कळ दाबली गेली, एवढीच वर्दी ती देते. अक्षर कोणते, ते संगणकातील आज्ञावली ठरवते. म्हणूनच भाषा बदलताच ‘के’ छापलेली कळ ‘क’ उमटवू लागते.

भारतीय लिपींसाठी १९८६ मध्ये भारत सरकारने ‘इन्स्क्रिप्ट’ ही मांडणी निश्चित केली. तीत स्वर डाव्या हाताला, तर व्यंजने बहुतांशी उजव्या हाताला आहेत. व्याकरणात शिकलेले अल्पप्राण व महाप्राण येथे शेजारी नव्हे, तर एकाच घरात राहतात : ‘क’च्या कळेवर शिफ्टसह ‘ख’, ‘त’च्या कळेवर ‘थ’. मराठीच्या जिव्हाळ्याचा ‘ळ’देखील ‘ल’च्याच कळेवर आहे. कन्नड किंवा बंगाली लिहिणाऱ्यालाही ‘क’ त्याच जागी सापडतो.

जोडाक्षरासाठी हलन्ताची कळ लागते. ती इंग्रजी ‘डी’ची. ‘पुस्तक’ हा शब्द प, उकार, स, हलन्त, त, क अशा सहा कळांनी सिद्ध होतो. ‘किती’ लिहिताना मात्र नवशिक्याचा हात अडखळतो. कागदावर पहिली वेलांटी ‘क’च्या आधी दिसते, येथे आधी ‘क’ दाबावा लागतो, मग वेलांटी. डोळ्यांना दिसणारा क्रम नव्हे, तर उच्चाराचा क्रम येथे पाळला जातो.

इंग्रजी ‘एफ’ व ‘जे’ या कळांवर बारीकसा उंचवटा असतो. न पाहता दोन्ही तर्जनींना आपली जागा सापडावी, यासाठी तो ठेवलेला असतो. देवनागरीत त्याच कळांवर ऱ्हस्व वेलांटी आणि ‘र’ येतात.