पास्काची रात्र आणि आपला कॅमेरा



पास्का जागरणविधीला आपण चर्चमधले दिवे मुद्दाम मालवतो. नव्या अग्नीवर पेटवलेली पास्काची मेणबत्ती काळोखातून आत येते, वाटेत तीनदा थांबते आणि तिच्यावरून आपल्या हातांतल्या मेणबत्त्या पेटत जातात. तो काळोखही उपासनेचाच भाग आहे. एक फ्लॅश उडाला की तो मोडतो. शिवाय फोटोतली ज्योतही फिकी पडते.

फोटो काढूच नयेत असे ख्रिस्तसभा म्हणत नाही. १९६७ साली रोमहून निघालेल्या ‘युखरिस्तिकुम मिस्तेरिउम’ या पत्राने सांगितले आहे की, फोटोमुळे उपासनेत व्यत्यय येऊ नये. योग्य कारण असल्यास ते अत्यंत संयमाने घ्यावेत व स्थानिक धर्माधिकाऱ्यांचे नियम पाळावेत. हा संयम लेन्सच्या निवडीपासूनच सुरू होतो, म्हणून काही गोष्टी आम्ही येथे मांडत आहोत.

१) अ‍ॅपर्चरचा आकडा पाहावा. तो जितका लहान, तितका उजेड जास्त. कॅमेऱ्यासोबत मिळणारी झूम लेन्स पूर्ण लांबवली की बहुधा एफ/५.६ वर येते. एफ/१.८ ची लेन्स तिच्या नऊ पटींहून अधिक उजेड आत घेते. मग फ्लॅशची गरज उरत नाही.

२) लेन्स जागेनुसार घ्यावी. ५० एमएम एफ/१.८ लेन्स लहान, हलकी व तुलनेने स्वस्त असते. पुढच्या बाकावरून बाप्तिस्म्याचे कुटुंब तिच्यात नीट मावते. दुरून एकदोन माणसे टिपायची तर ८५ एमएम, संपूर्ण चर्चसाठी २४ किंवा ३५ एमएम. योग्य लेन्स असली की वेदीजवळ धावावे लागत नाही.

३) फोकस जपावा. एफ/१.८ वर ५० एमएमने तीन मीटरवरचे जेमतेम वीतभर अंतर स्पष्ट येते. एका चेहऱ्यासाठी डोळ्यांवर फोकस करावा. मुलांच्या दोन रांगा असतील तर एफ/४ ठेवून आयएसओ वाढवावा.

४) स्टॅबिलायझेशनवर विसंबू नये. ते हाताची थरथर सावरते, चालणारी माणसे नव्हे. त्यांच्यासाठी शटर १/१२५ सेकंदाच्या आसपास ठेवावे.

५) आवाज व दिवे बंद करावेत. बीप, फोकससाठी पेटणारा लहान दिवा आणि मागचा स्क्रीनही. मूक इलेक्ट्रॉनिक शटरने काही एलईडी व ट्यूबलाइटखाली फोटोत पट्टे उमटतात. आधीच तपासून घ्यावे.

मोबाइल असल्यास झूम न करता मुख्य लेन्सच वापरावी.

फोटो कोणी व कुठून घ्यायचे हे मिस्सापूर्वी फादरांना विचारून ठरवावे. शक्यतो एकच व्यक्ती, एकच जागा. बाकीच्यांचे हात प्रार्थनेसाठी मोकळे राहतील. प्रथम कम्युनियन घेणाऱ्या बालकाची नजर वेदीकडे असावी, आपल्या कॅमेऱ्याकडे नव्हे.