मायना पाहिल्यावाचून पत्र वाचू नये

अहमदनगर

चि. बाळ यास काकांचे अनेक आशीर्वाद, विशेष.

गेल्या आठवड्यात आपल्या मंडळीतल्या लग्नात तू केलेला उपदेश मी शेवटच्या बाकावर बसून ऐकला. तुझा आवाज खणखणीत आहे, उच्चार स्वच्छ आहेत, आणि पहिल्याच खेपेला कागदाकडे न पाहता बोलणे माझ्या पिढीतल्या पुष्कळ पाळकांना जन्मभर साधले नाही, ते तुला साधले, याचा मला अभिमान वाटला. परंतु यिर्मयाच्या एकोणतिसाव्या अध्यायातले अकरावे वचन हाती घेऊन, देवाने या वधूवरांसाठी हिताचेच संकल्प योजले आहेत, तेव्हा नोकरी, घर आणि आरोग्य यांविषयी त्यांनी आता निर्धास्त असावे, असे जेव्हा तू ठासून सांगितलेस, तेव्हा माझ्या मनात जे आले ते मांडवात बोलण्याजोगे नव्हते; म्हणून हे पत्र.

माझी उभी हयात मोडी कागदांचे रुमाल सोडण्याबांधण्यात गेली हे तू जाणतोस. नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी एका इनामाच्या कागदावरचा सन सुहूर असता मी तो फसली धरला. सुहूर सनाचा इसवी सन करताना ५९९ मिळवावे लागतात आणि फसलीचा करताना ५९०, त्यामुळे माझ्या हिशेबाने तो कागद नऊ वर्षे अलीकडे यायचा तो पलीकडे गेला, आणि ज्या कमाविसदाराच्या नावे ताकीद होती तो त्या साली अवघा दहा वर्षांचा बालक ठरला! आमच्या वृद्ध वरिष्ठांनी रागे न भरता एवढेच विचारले, "मजकुरावर उडी घालण्याआधी मायना वाचलात का?" पत्र कोणी लिहिले, कोणास लिहिले, त्या दोघांचे नाते काय, आणि त्या साली मुलखात काय चालले होते, हे ठाऊक नसताना मजकुराचा अर्थ लावणारा मनुष्य कागद वाचत नसतो, स्वतःचेच मन वाचत असतो, हे मी त्या दिवशी शिकलो.

आता तुझे वचन पाहा. ते वचन एका पत्रातले आहे, आणि त्या पत्राचा मायना त्याच अध्यायाच्या आरंभी स्वच्छ लिहिलेला आहे. ख्रिस्तपूर्व ५९७ मध्ये नबुखद्नेस्सराने यरुशलेम घेतले आणि राजा यखन्या, त्याची आई, दरबारी, कारागीर व लोहार यांना बाबेलास नेले. या बंदिवानांना यिर्मयाने मागे राहून हे पत्र लिहिले आणि सिद्‌कीया राजाचे जे दोन वकील बाबेलच्या दरबारी निघाले होते, त्या एलासा व गमऱ्या यांच्या हाती ते रवाना केले. म्हणजे खुद्द शत्रूच्या राजधानीकडे जाणाऱ्या सरकारी खलित्यांबरोबर संदेष्ट्याचे हे पत्र गेले. पत्राला निमित्तही तसेच होते. आदल्याच अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा मंदिरात उभा राहून, दोन वर्षांच्या आत सारे बंदिवान परत येतील, असे जाहीर करतो. लोकांना ते गोड वाटले असणार. यिर्मया लिहितो, दोन नव्हे, सत्तर! तू वाचलेल्या वचनाच्या लगतच वर, दहाव्या वचनात, हा आकडा आहे, आणि तो तू वाचला नाहीस. सत्तर वर्षे म्हणजे पत्र ऐकणाऱ्यांपैकी बहुतेकांचे मरण परक्या मुलखात. ज्याला ते वचन देण्यात आले तोच ते फळाला आलेले पाहणार नव्हता. पाहिले तर त्याची नातवंडे पाहणार होती.

येथे व्याकरणाचा प्रश्न येतो. आपल्या मराठीत 'तुम्ही' हा शब्द दुहेरी आहे: अनेकांना तो अनेकवचनी आणि एका वडीलधाऱ्याला तो आदरार्थी. म्हणून मराठी कानाला त्या वचनातले 'तुम्ही' मलाच, एकट्यालाच, अदबीने उद्देशून आहे असा भास सहज होतो. मूळ इब्रीत आदरार्थी अनेकवचनाची ही सोय नाही; तेथे अनेकवचन म्हणजे अनेकच, आणि हे वचन अनेकवचनात आहे. देवाचा संकल्प आहे तो एका उद्ध्वस्त समाजाविषयी, एका वराच्या बढतीविषयी नव्हे. तू म्हणशील, काका, यात वचनाची गोडी कमी झाली. मला उलट वाटते. दोन माणसांच्या पगारापाण्याची हमी देणारा देव लहान आहे. बुडालेल्या राष्ट्राला तिसऱ्या पिढीचा भरवसा देणारा देव मोठा आहे, आणि ज्याचे पहिले मूल दगावले अशा जोडप्यापुढेही त्याचे नाव खाली मान न घालता घेता येते.

मराठी नेहमीच अडथळा करते असे मात्र समजू नकोस. लूकच्या बाविसाव्या अध्यायात शेवटल्या भोजनाच्या वेळी येशू पेत्राला सांगतो की सैतानाने गव्हासारखे चाळण्यासाठी मागणी केली आहे, ती 'तुम्हां'साठी, सगळ्या शिष्यांसाठी. पण मी प्रार्थना केली आहे ती 'तुझ्या'साठी. ग्रीकमधला हा वचनभेद आजच्या इंग्रजीत एकाच सर्वनामात विरघळून जातो, आपल्याकडे तो जिवंत राहतो. कुठे कुठे तर मराठी मुळापेक्षाही चौकस असते. वादळात नाव बुडू लागली तेव्हा शिष्य निजलेल्या गुरूला हाका मारतात. ते 'आम्ही बुडत आहोत' असे म्हणाले की 'आपण बुडत आहोत' असे? गुरूही त्या बुडण्यात सामील आहे की नाही? ग्रीकमध्ये दोहोंना सर्वनाम एकच, त्यामुळे भाषांतरकाराला निवड करावीच लागते, आणि ती निवड व्याकरणाने होत नाही, प्रसंगाने होते. अशा जागी तू थांबावेस, आणि ऐकणाऱ्यांनाही क्षणभर थांबवावेस.

परंतु ग्रीकचे चार शब्द हाती लागताच ते व्यासपीठावरून पाजळण्याचा मोह आवर. योहानाच्या एकविसाव्या अध्यायात येशू पेत्राला तीनदा 'माझ्यावर प्रीती करतोस का' असे विचारतो, दोनदा 'अगापाओ' या धातूने आणि तिसऱ्यांदा 'फिलेओ' या धातूने. एवढ्यावर दैवी प्रेम आणि मानवी प्रेम यांचे मनोरे रचणारे उपदेश मी उदंड ऐकले. पण हाच योहान, पिता पुत्रावर प्रीती करतो, हे तिसऱ्या अध्यायात पहिल्या धातूने सांगतो आणि पाचव्यात दुसऱ्या. मग तेथे देवाची प्रीती दोन अध्यायांत उतरणीला लागली म्हणावे काय? शब्दाचा अर्थ कोशात सुरू होतो खरा, तो ठरतो मात्र त्या लेखकाच्या वापरात.

दुसरा मोह रूपकाचा, आणि त्याला थोर माणसेही बळी पडली. चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यात संत ऑगस्टीनला, जखमी मनुष्य म्हणजे आदाम, उतारशाळा म्हणजे ख्रिस्ती मंडळी, आणि उतारशाळेचा रखवालदार म्हणजे पौल, असे दिसले. कल्पना मोठी आहे. पण तिच्या भरात तो रस्ता नाहीसा होतो. यरुशलेमाहून यरीहोपर्यंतची ती सुमारे सतरा मैलांची, तीन हजार फुटांहून अधिक खाली उतरणारी, लुटारूंना सोयीची ओसाड वाट. गरिज्जीम डोंगरावरचे शोमरोन्यांचे मंदिर यहूदी राज्यकर्त्याने पाडल्यापासून दोन्ही समाजांत मुरलेले वैर. आणि ते दोन दिनार, म्हणजे मजुराची दोन दिवसांची मजुरी, ही परक्याने परक्यासाठी खिशातून काढलेली रोकड. 'माझा शेजारी कोण' असे विचारणाऱ्या शास्त्र्याला जे झोंबले ते या रोकडीमुळे झोंबले.

याचा अर्थ अलंकाराला अलंकार म्हणू नये असा नव्हे. पानिपतानंतर पेशव्यांना पोहोचल्याचे सांगतात त्या पत्रातली दोन मोती गळाल्याची वार्ता वाचून जो जवाहिरखान्याची यादी तपासायला बसेल, त्याला अक्षरार्थ कळला असे कोणी म्हणणार नाही. तेथे मोती म्हणजे भाऊ आणि विश्वासराव, हाच त्या अक्षरांचा सरळ अर्थ होय.

अर्थ लावण्याची ही सारी रीत विलायतेची आयात आहे, असे तुला कोणी म्हणेल. अंत्युखियाच्या परंपरेत वाढलेला ख्रिसोस्तोम चौथ्या शतकात वचनांच्या सरळ अर्थाला धरून उपदेश करीत होता, आणि लाइप्झिगच्या एर्नेस्टीने १७६१ मध्ये शास्त्राचा अर्थ इतर प्राचीन ग्रंथांप्रमाणेच भाषेच्या नियमांनी लावावा असे प्रतिपादले, हे खरे. पण ग्रंथाचे तात्पर्य ठरवताना त्याचा उपक्रम व उपसंहार पाहावा, पुनःपुन्हा काय सांगितले ते पाहावे, ही कसोटी आपल्या मीमांसकांची आहे, आणि १९१५ च्या 'गीतारहस्या'त लोकमान्यांनी आरंभीच ती पुढे केली आहे. पंडिता रमाबाईंचे उदाहरण तर आपल्या घरचेच. कलकत्त्याच्या पंडितांनी जिला 'सरस्वती' म्हटले, त्या विदुषीने उतारवयात केडगावी बसून इब्री व ग्रीक मुळांवरून पवित्र शास्त्र मराठीत आणले, आणि तेही आपले पांडित्य बाजूला ठेवून, खेड्यातल्या बायाबापड्यांना समजेल अशा भाषेत. १९२२ मध्ये त्या वारल्या. संपूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये निघाला. तुला तो ग्रंथालयात मिळाला तर रूढ भाषांतराशेजारी ठेवून वाचत जा. जेथे दोहोंत फरक पडेल तेथे मूळ भाषेत काहीतरी खोच आहे असे समजावे.

एक गोष्ट सांगायची राहिली, आणि तीच सांगण्यासाठी खरे तर मी लेखणी उचलली. तुला लग्नात वाचायला त्याच पत्रात वचन होते. पाचव्या आणि सहाव्या वचनांत यिर्मया त्या बंदिवानांना लिहितो की घरे बांधून राहा, मळे लावून त्यांचे फळ खा, बायका करा, मुलांमुलींची लग्ने करा, तेथे वाढा, घटू नका. आणि सातव्यात, ज्या शहरी तुम्हांला नेले त्याचे हित चिंता. तुझी नजर त्यांवरून घसरत अकराव्यावर गेली, कारण ते भिंतीवरच्या पाटीवर लिहिलेले असते. नवे जोडपे पुढल्या महिन्यात मुंबईला भाड्याच्या खोलीत राहायला जाणार आहे असे कळते. ते निघण्यापूर्वी एकदा त्यांच्या घरी जा, आणि हा अध्याय पहिल्या वचनापासून त्यांना वाचून दाखव.

कळावे, हे आशीर्वाद.

तुझा,
काका