प्रवेश भारतात की परदेशात? आनंदीबाईंकडून शिकूया



परदेशी शिक्षणाचा विषय निघाला की आपण आधी कॉलेजचं नाव आणि फी बघतो. आपल्या कल्याणात ३१ मार्च १८६५ रोजी जन्मलेल्या डॉ. आनंदीबाई जोशी यांनी हा प्रश्न कसा सोडवला, ते मुलांना जरूर सांगा.

अमेरिकेला जाण्यापूर्वी, १८८३ मध्ये, बंगालमधील सेरामपूर कॉलेजात त्यांनी भाषण केले. भारतात सोय नाही का, याचं उत्तर त्यांनी सर्वांसमोर दिलं. मद्रासचं कॉलेज त्यांना माहीत होतं. पण इथलं शिक्षण अपुरं आहे, असं त्यांचं मत होतं. हिंदू स्त्रियांना स्त्री डॉक्टर हवी, हा हेतू पक्का होता. मग पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यकीय कॉलेजला अर्ज करताना आपली तयारी कुठे कमी पडते, तेही त्यांनी लपवलं नाही. १८८६ मध्ये त्या पदवीधर झाल्या.

आता वहीत दोन रकाने आखा : भारत आणि परदेश. दोन्हींत लिहा :

१. हेतू : शिकून काय करायचं?
२. पात्रता : आज काय कमी आहे?
३. मान्यता : पदवी इथे चालेल का? परदेशात एमबीबीएस करून भारतात डॉक्टरी करायची तर नीट पात्रता आणि परतल्यावर परीक्षा लागते.
४. हवामान, जेवण, आरोग्य.

चौथा मुद्दा सोडू नका. आनंदीबाई आजारी होऊन परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, बाविसावं वर्ष पूर्ण होण्याआधीच गेल्या.

रकाने मुलांनाच भरू द्या. आपण फक्त प्रश्न विचारायचे.